काढ्याची हिरवी वही

मी, सदानंद कोंडाजी ठोंबरे, वय ५३, व्यवसाय लेथकाम, राहणार कशेळे, तालुका कर्जत, हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गालाच्या कॅन्सरमुळे माझा डावा जबडा काढला आहे. डोकं जागेवर आहे.

१. कशेळ्याचं राहतं घर पत्नी नम्रता हिला. माझी आई चंद्राबाई तहहयात तिथेच राहील, आणि पुढच्या खोलीत. मागच्या खोलीत ओल येते.

२. खोपोलीच्या वर्कशॉपमधला लेथ भाऊ जितेश याला. लेथ मी नुसता बघून शिकलो, सर्टिफिकेट नाही. जितेश मला चारचौघांत "सातवी पास डॉक्टर" म्हणतो. म्हणू दे. तेल मात्र वेळेवर बदलावं. ते त्याला सांगावं लागतं.

३. मिलिमीटरचं माप घ्यायचं माझं व्हर्नियर मुलगी समीक्षा हिला. ऑपरेशननंतर माझं तोंड चौदा मिलिमीटर उघडत होतं. रुग्णालयाने आइस्क्रीमच्या काड्यांची चळत दातांत धरायला सांगितली. त्याऐवजी मी लेथवर तोंड ताणायची स्क्रूची पाचर केली आणि रोज सकाळी मोजलं. आठ महिन्यांत एकतीस. संशोधनाच्या डॉक्टर निवेदिता आधी हसल्या, मग माझे आकडे उतरवून घेऊ लागल्या. पाचर त्यांच्या विभागाला द्यावी.

४. माझ्या गाठीचे तुकडे रुग्णालयात जपून ठेवले आहेत. ते माझ्यामागेही संशोधनाला वापरावेत. घरच्यांनी हरकत घेऊ नये.

५. कपाटातली हिरवी वही. मी नव्या गोळीच्या चाचणीत आहे. दुसरं कुठलंही औषध घेत नाही, असं दर भेटीत लिहून दिलं. ते खोटं आहे. आईने डोंगरातल्या जैतू वैदूकडून काढा आणला होता. असलं औषध बाहेर सांगितलं की गुण जातो, अशी आमच्याकडची समजूत. तिचं मन मोडवेना. चाळीस दिवस प्यायलो आणि गप्प राहिलो. पण मापाची सवय. तारीख आणि किती प्यायलो ते वहीत लिहीत गेलो. पुढे माझ्या यकृताचे आकडे वाढले. दोष गोळीवर गेला आणि चाचणीतल्या सगळ्यांचा डोस कमी झाला. काढ्यानेच झालं असं मी म्हणत नाही, ते डॉक्टरांनी ठरवावं. पण मी एक माप लपवलं. वही डॉक्टर निवेदिता यांना द्यावी, मात्र आईच्या पश्चात. आपल्या काढ्याने लेकाला अपाय झाला हे तिला कळू नये.

कलम ५ मधली शेवटची दोन वाक्यं रद्द. कारण लिहून ठेवतो. मसुदा नम्रताला वाचून दाखवताना आई उंबऱ्याशी येऊन उभी होती.

"मी मरायची वाट बघत ती मानसा कमी गोळी खातील काय रं?"

"आई, तुला वाईट वाटेल म्हणून."

"वाटंल. तू लिव. मुळ्या कंच्या त्या जैतूला इचारून लिव. त्याला बोल लावू नको, मीच मागितला व्हता."

मुळ्यांची नावं लिहून वही शुक्रवारी डॉक्टर निवेदिता यांच्या हातात दिली. पोच सोबत जोडली आहे. मला चाचणीत ठेवतील की काढतील, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही. वही आता माझी नाही, म्हणून ती कोणाला देण्याचा प्रश्न उरत नाही.

खाडाखोड एक, कलम ५, मला मान्य.

कशेळे, १२ ऑक्टोबर २०२५
सही: सदानंद कोंडाजी ठोंबरे

ही सही आम्हां दोघांच्या डोळ्यांदेखत झाली.
साक्षीदार: १. गंधार जोशी २. अपेक्षा भोईर

खाडाखोडीशेजारी अंगठा: चंद्राबाई कोंडाजी ठोंबरे. कायद्याने लागत नाही. तिने मागितला.