हिरवळीला संध्याकाळचं पाणी

जळगाव, पौष महिना

आदरणीय रतिलालभाऊंना निर्मलकुमारचा सविनय जय जिनेंद्र.

इकडे सर्व कुशल आहे, फक्त तुमची हिरवळ आजारी आहे. धुळ्याची थंडी तुमच्या गुडघ्यांना मानवत नाही असं कळलं. तिळाचं तेल चोळत जा, आणि चोळून झाल्यावर लगेच जिना चढू नका (मागच्या वर्षीची आठवण आहे ना?).

आमची लेक पलक लग्न होऊन सासरी गेली, तेव्हापासून तुमची बहीण सायर खोलीबाहेर यायलाच तयार नव्हती. म्हणून तर तुम्ही आमच्या अंगणात हिरवळ लावून दिलीत. सायर रोज संध्याकाळी तिथे बसू लागली, बोलू लागली, एकदा माझ्यावर ओरडलीसुद्धा (मला फार बरं वाटलं). आता त्याच गवतावर गोल गोल पिवळे डाग पडलेत. हिरवळ गेली तर सायर परत खोलीत जाऊन बसेल, या धास्तीने माझं दुकानात लक्ष लागत नाही.

दोष कुणाचा ते ऐका. चातुर्मासात आपण हिरव्या भाजीला सुरी लावत नाही, मग गवताला मशीन कसं लावणार? गवत गुडघ्याला आलं. शेजारच्या जमीलाभाभींची शेळी त्यात दोनदा हरवली (दोन्ही वेळा पोट भरल्यावर सापडली). कार्तिकी पौर्णिमा उलटली आणि मी एका दमात सगळं मुळापर्यंत उतरवलं, तेही ओलं असताना आणि बोथट पात्याने. पाती विकायचं दुकान माझं स्वतःचं, पण विकाऊ माल घरात वापरायचा नाही हा आमचा दंडक तुम्हाला ठाऊक आहे. गवत कापलं गेलं कमी, फाटलं जास्त.

शेवटी तुमच्या अखिलला व्हिडिओ कॉल केला. म्हटलं, तुमचा पोरगा शेतकी शिकलाय, कधी उपयोगी पडणार? तो म्हणाला, "फुफाजी, ही बुरशी आहे. पाणी पहाटे द्या, म्हणजे उन्हात गवताची पाती सुकतात. रोज शिंपडू नका, दोन-चार दिवसांनी मुळांपर्यंत मुरेल असं द्या. आणि कापताना वरचा तिसरा हिस्साच कापा, टक्कल करू नका." टक्कल म्हणताना तो माझ्या डोक्याकडे बघत होता.

पात्याला धार लावली. पण पाण्याचं काय करू? संध्याकाळी पाणी सायर घालते. दिवसभर तापलेलं गवत तिला बघवत नाही. मग पाती रात्रभर ओली, बुरशीची चंगळ. तिला बोलायची माझी हिंमत होत नाही, नुकती कुठे हसायला लागली आहे.

आपला,
निर्मलकुमार

ता. क. खरं काम हे. संक्रांतीला येताना, ही हिरवळ जिथून आणलीत त्याच नर्सरीतून डागांपुरते गवताचे तुकडे आणा. सायर मंदिरात गेली की आपण गुपचूप बसवून टाकू. हे पत्र तिला दाखवलेलं नाही.

आणखी एक ता. क. भाऊ, मी सायर. यांचं अक्षर पोस्टमनला लागत नाही, म्हणून पाकिटावर पत्ता घालायला पत्र माझ्याकडेच आलं. यांनी माझं नाव पुढे केलंय, पण संध्याकाळी नळी हेच धरतात, मी नाही. नळी हातात आली की हे दुकानातल्या गमती सांगत सुटतात, आणि त्या ऐकायला मी बाहेर येते. पाणी पुरे झालं हे मला कळत होतं, पण सांगवलं नाही. उद्यापासून हे पहाटे पाणी घालतील, मीही उठेन. गवत आणू नका, तुम्ही या.