विमानाच्या दारातला नमस्कार

काकासा,

मननचा नमस्कार, या वेळी लांबूनच. कारण सोमवारी जळगावला विमान उतरल्यावर मी दारातच तुमच्या पाया पडलो आणि तुम्ही सवयीप्रमाणे "खाऊला घे" म्हणत पाचशेची नोट माझ्या युनिफॉर्मच्या खिशात कोंबलीत. तुमच्या मागे सोनगीरचे एक आबा होते. त्यांना वाटलं, पायलटला काहीतरी द्यायची रीतच असेल. त्यांनी वीस दिले. मग रांगच लागली. एका अक्कांनी तर शंभर देऊन पन्नास परत मागितले.

तुम्ही धुळ्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना सांगता, पुतण्या लाखांत खेळतो. काकासा, मी नवा कोपायलट. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता गेला की माझ्या हातात तुमच्या छगनभाऊ ड्रायव्हरपेक्षा कमी उरतं. पायलट मिळत नाहीत म्हणून कंपनी रडते, मला आपल्या रिद्धीच्या लग्नालाही सुट्टी देत नाही, पण पगाराचं काढलं की सगळे गप्प. हे तुम्हाला कळलं तर उद्याच मला गल्ल्यावर बसवाल, आणि मला तर उडायचंच आहे. म्हणून हे पत्र टाकणार नाही.

फोनवर एवढंच सांगेन: पुढच्या वेळी महिनाअखेरीला या, आणि सगळ्यांच्या आधी उतरा.

तुमचाच,
मनन