दुपारचे आकडे पुन्हा सुरू करण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
रेडिओ लहरी नियंत्रण कार्यालय.

विषय : लघुलहरींवरील आकडे वाचणाऱ्या बाईंचे बंद झालेले प्रसारण पूर्ववत होणेबाबत.
संदर्भ : ते बंद व्हावे म्हणून मीच केलेला अर्ज.

महोदय,

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. लघुलहरींवर रोज दुपारी एक बाई पाच-पाच आकड्यांचे गट वाचत. नाव नाही, बातमी नाही, नुसते आकडे. हेरांना निरोप, दुसऱ्या कोणी वापरू नये म्हणून लहर अडवून ठेवणे, यंत्रांची चाचणी असे त्यांचे संभाव्य हेतू मी संदर्भीय अर्जात कोष्टक करून मांडले होते. अर्ज कोणी वाचेल अशी अपेक्षा नव्हती. आपण वाचलात, "तक्रार निकाली" असे कळवलेत, आणि त्याच आठवड्यात बाई थांबल्या. एका निरीक्षणावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मी वर्गात शिकवते. घरात ते कोणी ऐकून घेत नाही.

माझे वडील जहाजावर बिनतारी संदेश घेत असत. पक्षाघातानंतर त्यांचे बोलणे जवळपास थांबले. मात्र हेडफोन लावून हे आकडे उतरवताना त्यांचा हात थरथरत नसे, आणि ते झाले की नीट जेवत. हा नाद सुटला तर त्यांना आराम मिळेल, असा माझा शास्त्रीय विचार होता. प्रसारणाचा हा एक उपयोग शेजारच्या खुर्चीत बसलेला असूनही माझ्या कोष्टकात आला नाही.

आता ते वेळेवर हेडफोन लावतात, कागदावर तारीख घालतात, पेन्सिल टेकवून बसतात. नुसती खरखर येते. मग ताटाला हात लावत नाहीत. आई म्हणते, "कर आता आणखी एक अर्ज."

त्याआधी मी एक प्रयोग केला. स्वयंपाकघरात छोटा प्रक्षेपक जोडून स्वतः आकडे वाचले. प्रक्षेपक विनापरवाना आहे, परंतु त्याचा आवाज आमच्याच बाहेरच्या खोलीपलीकडे जात नाही. वडिलांनी दोन गट घेतले, हेडफोन काढला आणि कित्येक महिन्यांनी पूर्ण वाक्य बोलले : "या बाईला कामावरून काढा."

हा शेरा मला मान्य आहे. तरी मूळ बाई आपल्या असोत वा परक्यांच्या, त्यांना परत बोलवावे. ते शक्य नसल्यास माझ्या प्रक्षेपकाला परवाना द्यावा. तोवर सराव थांबवता येणार नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

पहिली तक्रार मागे घेणारी,
आपली विश्वासू,
(सही)
दिनांक : टपालाच्या शिक्क्याप्रमाणे

सोबत :
१. प्रसारण बंद पडल्यानंतरचा कागद. वर तारीख, खाली कोरा.
२. कालचा कागद. काही गट, आणि समासात वडिलांच्या अक्षरात : "सावकाश वाच गं."