दहा बोटं जादा पट्टा

कोसुमेल,
१२ फेब्रुवारी १९९७

चि. एर्मिला हिस आजोबाचे अ. आ.

उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुझं पत्र जानेवारीत तीन राजांच्या सणाला मिळालं आणि आता कांदेलारियाच्या सणाचे वाफवलेले मक्याचे तमालही संपून दहा दिवस झाले. पण वस्तू हातात आल्याशिवाय लिहायचं काय, म्हणून थांबलो.

तू विचारलंस, बुडी मारायला दुकानातलं फुगवायचं जाकीट घेऊ की पाठीची प्लेट आणि पट्टे. प्लेटच. बर्फाच्या कारखान्याशेजारी तीस वर्षं मी पाणबुड्या माणसांच्या हवेच्या टाक्या भरतोय. जाकीटवाल्यांची टाकी पाठीवर दारुड्यासारखी डुलते, ते मी रोज बघतो. प्लेटवर ती हलत नाही. कारखान्यातल्या फिलेमोनने न गंजणाऱ्या पत्र्याची कापून दिली. मधली घडी मी तीनदा परत करायला लावली, तेव्हा तो म्हणाला की तुमची नात काय समुद्राखाली लग्नाला उभी राहणार आहे का.

पट्टा एकच आहे, अखंड. प्लेटच्या खाचांतून निघून दोन्ही खांद्यांवरून कमरेपर्यंत येतो आणि तिथे बकलने अडकतो. माप मेल्बाच्या अंगावर घेतलं, तुझी आत्या तुझ्याच बांध्याची. ती अंगणात उभी राहून म्हणाली की बापाने म्हातारपणी मला गाढव केलं, आता पाण्याचे डबेही लादा. पायांमधून येणारा पट्टा तिने बांधूच दिला नाही, कारण कुंपणापलीकडून शेजारीण बघत होती. तो अंदाजाने केलाय.

टोकांना दहा-दहा बोटं पट्टा जादा सोडलाय. मेल्बाची दहा, माझी मोजलीस तर आठच भरतील. तो कापू नकोस, कोणाला कापूही देऊ नकोस. बारा एप्रिलच्या परीक्षेत पास झालीस तरच मोत्याच्या शिंपल्यांच्या मोजणीला बोटीवर घेणार, आणि जागा एकच, हे वाचल्यापासून मला जेवण जात नाही. नापास झालीस तरी चालेल. फक्त माझ्या पट्ट्यामुळे होऊ नकोस.

लोभ आहेच, तो सैल पडू देऊ नये.

तुझा आजोबा,
अनास्तासिओ उइकाब


ला पास,
३ मार्च १९९७

ती. आजोबांस शि. सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. आत्याच्या नारळाच्या वड्यांचा प्लेटखाली भुगा झाला होता, तो आम्ही चौघी मैत्रिणींनी चमच्याने खाल्ला. प्लेट पाठीला अशी बसते की काढावीशी वाटत नाही.

आता वाईट बातमी, पण बसून वाचा. तलावातल्या सरावात मी बेशुद्ध पडल्याचं सोंग घ्यायचं आणि सरावातला माझा जोडीदार लेओबार्दो याने मला वर आणून पट्टे सोडवायचे, असं होतं. तो कमरेशी चाचपतोय, चाचपतोय, बकल काही उघडेना. तुम्ही ते उलटं लावलंय, आजोबा. सगळ्यांचं उजव्या हाताने उघडतं, माझं डाव्या. ओलाचेआ सरांनी विचारलं की हे कुठल्या चांभाराने बांधलं. मी म्हणाले, माझ्या आजोबांनी, आणि ते तुमच्या वयाइतकी वर्षं टाक्या भरताहेत. तेव्हा सर म्हणाले की त्यांना कळव, बुडणाऱ्याला बकलचा पत्ता विचारायला वेळ नसतो. सगळे हसले. मीही.

शिवाय खांदे आवळतात. इथलं पाणी तुमच्या कोसुमेलसारखं कोमट सूप नाही, जाड रबरी सूट घालावा लागतो. डोक्यामागे हात नेऊन टाकीची चावी फिरवायची, तर माझी बोटंच पोचत नाहीत. काय करू ते सांगा. भाड्याचं जाकीट मी घालणार नाही, एवढं आधीच सांगते.

आत्याला पापी.

तुमची हट्टी,
एर्मिला


कोसुमेल,
१७ मार्च १९९७

चि. एर्मिला हिस अ. आ.

पत्र वाचून दोन दिवस मी टाकीघरात गेलो नाही. मेल्बाला वाटलं ताप आला.

चूक माझी. एकाहत्तर साली कॉम्प्रेसरच्या पट्ट्यात माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, हे तुला ठाऊक आहेच. तेव्हापासून मी सगळी बकलं डाव्या हाताने उघडतो, आणि इथे कोणी कधी टोकलं नाही, कारण इथे सगळे मला ओळखतात. माझ्या हाताची खोड मी तुझ्या कमरेला बांधली. खरंच बुडाली असतीस तर, हे मनातून जात नाही.

आता नीट वाच. बकल काढून दुसऱ्या टोकाला घाल. मग जाड सूट घालून उभी राहा, मेल्बासारखी झग्यावर नको. जादा सोडलेला पट्टा खाचांतून खांद्यांकडे सरकव. पट्ट्याखाली पंजा सपाट आत जायला हवा. मग हात मागे नेऊन चावी धर, दोन्ही हातांनी, दहा वेळा. हात पोचला नाही तर आणखी सरकव. आणि माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, सरांकडून तपासून घे. मी तिसरी शिकलेला माणूस.

तो लेओबार्दो कोण? पोहता तरी नीट येतं का त्याला?

लोभ कमी करू नये, चूक झाली तरी.

तुझा आजोबा


ला पास,
१४ एप्रिल १९९७

ती. आजोबांस शि. सा. न. वि. वि.

पास. बोटीवरची जागा माझी.

तुम्ही लिहिलंत तसंच केलं. तीन तास लागले, नखं मोडली. जादा सोडलेला जवळजवळ सगळा पट्टा खांद्यांत गेला, दोन बोटं तेवढी उरली. सरांनी ओढून पाहिलं आणि म्हणाले की ज्याने इतका पट्टा राखून ठेवला तो माणूस काळजीने रात्रंदिवस पोखरलेला असणार, पण त्याच्यामुळेच हे जमलं. परीक्षेत लेओबार्दोच्या डोळ्यांवर फडकं बांधलं होतं. त्याने एका झटक्यात बकल उघडलं. तिघांना तशीच प्लेट हवी आहे, फिलेमोनना सांगा. आणि हो, पोहता येतं त्याला.

सोबत एक पट्टा पाठवते आहे. हा तुमच्यासाठी, मी स्वतः केलेला. बकल डाव्या हाताने उघडणारं आहे. दहा-दहा बोटं जादा सोडली आहेत, माझी. जूनमध्ये मी येते आहे. धक्क्याजवळ तीन मीटर पाणी आहे, तिथे आपण दोघं उतरायचं. किती वर्षं नुसत्या दुसऱ्यांच्या टाक्या भरणार? तुमची जोडीदार मी असेन, आणि तुमचं बकल कुठल्या हाताने उघडतं ते मला ठाऊक आहे.

तुमची,
एर्मिला


कोसुमेल,
९ मे १९९७

चि. एर्मिला हिस अ. आ.

पुन्हा उशीर झाला. डॉक्टरकडे गेलो होतो. त्याने छाती ऐकली, कागदाच्या पट्टीवर ठोक्यांचं काहीबाही छापून घेतलं, आणि म्हणाला की तीन मीटर, तेही नात बरोबर असेल तरच. मी त्याला तुझं पास झाल्याचं पत्र दाखवलं.

फिलेमोनने माझ्यासाठीही प्लेट कापली, यावेळी घडी पहिल्याच फटक्यात जमली. सकाळपासून अंगणात घालून उभा आहे. तू सोडलेली दहाच्या दहा बोटं माझ्या पोटाने खाल्ली, वर दोन कमी पडली ती खांद्यांकडून ओढून घेतली. मेल्बा म्हणते की आता गाढव कोण. पायांमधला पट्टाही बांधलाय, शेजारीण बघत होती तरी. पंजा आत जातो. चावीपर्यंत हात पोचतो, डावा नीट, उजवा थोडा कुरकुरत.

पाणी थंड असेल का, कान दुखतील का, तू दमलेली असशील का, हे सगळं डोक्यात चालूच आहे. पण रोज दुपारी धक्क्यावर जाऊन खाली बघून येतो.

जूनची नक्की तारीख लवकर कळव. तोवर मी हा पट्टा सैल करतो आणि पुन्हा घट्ट करतो, दुसरं काही सुचत नाही.

तुझा जोडीदार,
आजोबा