निरोगी इसमास क्वारंटीनमध्ये घेण्याबाबत

प्रति,
मेहेरबान मुख्य आरोग्य अधिकारी साहेब,
हज यात्रेकरूंची क्वारंटीन छावणी, खाडीपलीकडे.

विषय: आईची मुदत पुन्हा पुन्हा नव्याने लागत असल्याने अर्जदारासही छावणीत दाखल करून घेण्याबाबत.

संदर्भ: माझे यापूर्वीचे अर्ज, व त्यांवर आपल्या कचेरीचे ‘नियमाप्रमाणे पाहू’ असे उत्तर.

साहेब,

मी गाद्या-उशा भरणारा पिंजारी. माझी अम्मा हजहून आगबोटीने परतली ती थेट आपल्या छावणीत गेली. उतरताना ती ठणठणीत होती, असे आपल्याच डॉक्टरसाहेबांनी जीभ आणि डोळे पाहून लिहिले आहे. पहिल्याच दिवशी तिची गादी जाळण्यात आली. ती मीच भरली होती. त्याबद्दल तक्रार नाही. सरकारचा हुकूम, आणि कापूस काय, पुन्हा पिंजता येतो.

तक्रार मुदतीची आहे. अम्मा पहिल्यांदा सुटणार होती त्या सकाळी मी टांगा घेऊन धक्क्यावर उभा होतो. परंतु आदल्या संध्याकाळी दुसरी आगबोट लागली आणि तिच्यातल्या बायका अम्माच्याच बराकीत आणून घातल्या. आमच्यात निघताना प्रत्येकाला मिठी मारून, कमी-जास्त बोलणे झाले असेल तर माफ करा, असे म्हटल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. हजहून येणाऱ्याने तर मुळीच नाही. एवढी मोठी यात्रा पदरी पाडून कुणाचे मन दुखवून जायचे कसे? अम्मा बराकभर फिरली, जुन्यांना भेटली, नव्यांनाही भेटली. फाटकावरच्या शिपायाने पाहिले व वर कळवले. नव्यांचा स्पर्श झाला, सबब मुदत पहिल्यापासून. टांगा रिकामाच परत गेला.

पुढच्या खेपेसही सुटकेच्या तोंडावर आणखी एका आगबोटीच्या बायका आत आणल्या, तेव्हा मी कुंपणाबाहेरून घसा फोडून सांगितले की अम्मा, या वेळी कुणाच्या गळ्यात पडू नकोस. तिने मान डोलावली. फाटकापर्यंत आलीसुद्धा! तिथून मागे वळली, कारण एका नव्या बाईशी नळावर तिचे भांडण झाले होते आणि ते तसेच ठेवून जाणे तिला जमेना. मी कपाळावर हात मारून घेतला. शिपाईही हळहळला, पण कळवायचे ते त्याने कळवलेच.

नव्या बायकांना वेगळी बराक द्यावी, निदान मध्ये पडदा लावावा, असे मी अर्ज केले. पडद्याचे कापड मी देतो म्हटले. बराकीची रचना बदलण्याचा अधिकार छावणीस नाही, असे सांगण्यात आले. मग अधिकार कुणाला, ते कुणी सांगेना.

आता अम्मा तापाने पडली आहे. ओल्या जमिनीवर चटई टाकून झोपल्यावर त्या वयात दुसरे काय होणार? तिला आजाऱ्यांच्या खोलीत एकटीला ठेवले आहे. जिने अख्ख्या बराकीला कवटाळले तिच्याजवळ कुणी जायचे नाही, असा हुकूम आहे. शिपाई पाणी दाराशी ठेवून बाजूला होतो. तो सांगतो, ती दाराकडे बघून विचारते, मी निघताना भेटू कुणाला?

मला आत घ्या म्हणून मी आपल्या हेडक्लार्कांच्या हातापाया पडलो. ते म्हणाले, निरोगी इसमास घेता येत नाही, आणि छावणी फक्त समुद्रमार्गे आलेल्यांसाठी आहे. मी दवाखान्यात तपासून घेतले. दुर्दैवाने मला काहीही झालेले नाही. समुद्राचे मात्र जमण्यासारखे आहे. एक नावाडी मला होडीतून खाडीबाहेर नेऊन, वळवून, छावणीच्या धक्क्यास लावायला तयार आहे. त्या होडीस आगबोट समजण्यात यावे. धूर निघत नाही, एवढीच उणीव. अर्ज लिहून देणारे गृहस्थ म्हणतात, असले वाक्य अर्जात शोभत नाही. मी म्हटले, न शोभो, लिहा.

आत घेतल्यावर माझे कपडे वाफेत घालावेत, मुदत हवी तेवढी लावावी. सुटकेसाठी मी कधीही अर्ज करणार नाही, हे लिहून देतो. अम्माची सुटकाही आता मागत नाही. निघण्यापूर्वी तिने मला एकदा मिठी मारावी, आणि शिपायाने ते खुशाल वर कळवावे.

आपल्या हुकमाची वाट पाहत धक्क्यावर बसलेला,
अर्जदार पिंजारी
(डाव्या हाताचा अंगठा)

तारीख: शुक्रवार, सकाळची भरती

सोबत:
१. अर्जदार निरोगी असल्याचा दाखला.
२. कापसाची नवी उशी, एक. अर्ज नामंजूर झाल्यास ही तिच्या डोक्याखाली द्यावी. नंतर जाळली तरी चालेल.