वळणावर थांबलो तेव्हा

प्रिय खारूताई,

परवा फोनवर तू विचारलंस, की दर रविवारी त्या राष्ट्रीय उद्यानात एवढं काय ठेवलंय, आणि मी गुडघ्यांच्या व्यायामाचं नाव पुढे केलं. तुला ते पटलं नाही, हे तू लगेच फोन ठेवलास त्यावरून कळलं. तू दुरावशील या धास्तीनेच मी टाळत होतो. आज दुकान लवकर बंद केलं, शिवायला आलेले बूट आणि गोंदाचे डबे बाजूला सारले आणि लिहायला बसलो.

तुझी आई तिथला डोंगर चढायची म्हणजे काय, एकेका झाडाची विचारपूस करत यायची. मी आपला पुढे, आणि प्रत्येक वळणावर तिची वाट बघत उभा. तू वैतागायचीस. ती गेल्यावर पहिल्यांदा एकटा गेलो, तेव्हा धुकं इतकं खाली आलं होतं की झाडं नुसती आहेत-नाहीत अशी. पहिल्याच वळणावर पाय आपोआप थांबले. आता कोणी यायचं नाही हे ठाऊक असूनही मी उभाच राहिलो. वेड्यात काढशील, पण तिथून निघवेना. बरं वाटत होतं.

आणि मग खरंच पावलं वाजली. धुक्यातून एक बाई आल्या, उजव्या बुटाची टाच बाहेरून झिजलेली, आणि थांबल्याबद्दल माझे आभार मानू लागल्या. मागे राहिलेल्या एकट्या बाईसाठी हा भला माणूस थांबलाय, असं त्यांना वाटलं. खरं न सांगता मी नुसती मान डोलावली. पुढच्या वळणावर थांबलो, तो मात्र त्यांच्यासाठीच.

त्या भूगोल शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. दगड उचलून त्याचं वय सांगतात, माझं विचारत नाहीत. थांबण्यामागची खरी गोष्ट मी नंतर सांगितली. त्या हसल्या नाहीत. तुझ्या आईबद्दल विचारत राहिल्या आणि मी खाली उतरेपर्यंत बोलत होतो.

गेल्या रविवारी तळ्याकाठी त्यांनी सरळ विचारलं, उरलेले दिवस एकाच घरात काढायचे का. मी म्हणालो, विचार करून सांगतो. विचार कसला करायचाय, मला हवंय ते. आईची जागा कोणी घेत नाहीये, एवढं तू जाणतेस. रागावलीस तर रागाव, महिनाभर बोलू नकोस हवं तर, मी सोसेन. पण माझं उत्तर हो आहे, आणि ते त्यांच्याही आधी तुला कळावं, म्हणून हे पत्र.

तुझाच,
बाबा