आखाजीच्या बांगड्या

देवळा, ता. ६ एप्रिल २०२५

चि. चैताली हिला मालनकाकूचे पोटभर आशीर्वाद.

इकडं समदे खुशाल. तुझा गुडघा काय म्हणतो ते आधी कळव. माझा कान पार गेला. माझा रोहित फोन लावून देतो, पण मला नुसती खरखर ऐकू येते. तवा तुला कागदच लिहावा लागतो, कंटाळू नको.

उन्हाळ कांदा चाळीत भरायचा चाललाय, हात पुरत नाय. त्यातच तीस तारखेला अक्षय तृतीया, आपली आखाजी आली. उज्वला आन निकिताला सासरहून आणायला रोहित मुराळी म्हणून जाईल. निंबाला झोका बांधायचा, सांजोऱ्या करायच्या, लय पसारा हाय. आखाजीला लेकी नसल्या तर घर खायला उठतं बघ.

एक काम कर. मेन रोडवरनं दोघींना हिरव्या बांगड्या घे. उज्वलाचं माप दोन-सहा, निकिताचं दोन-चार. तुझी पसंत चांगली. आन वेळेवर जेवत जा, आता काय मैदानाची घाई नाय तुझ्यामागं.

माया हाय ती आटू देऊ नको.
तुझी काकू, मालनबाई

इंदिरानगर, नाशिक
ता. १३ एप्रिल

ती. काकूस, चैतालीचा सा. न., गुडघा वाकेल तितका वाकून.

बांगड्या घेतल्या. दुकानदार म्हणाला, ताई, तुमच्यासाठी नको का? मी हसून पैसे दिले आणि निघाले.

शाळेत परीक्षा चालू आहेत, त्यामुळे माझे खेळाचे तास बंद. मैदानावर कुत्रं नाही. जुन्या टीमच्या ग्रुपवर आता वाढदिवस सोडून कुणी काही लिहीत नाही. वाटीभर भात लावते, तोही उरतो. फार एकटं वाटतं गं.

बारा वर्षं फुटबॉलच्या मधल्या फळीत खेळले. मागून आलेला बॉल घ्यायचा, पुढे द्यायचा, गोल दुसरीनं करायचा. पेपरातला फोटो बघून तू विचारायचीस, यात तू कुठंयस? मी कडेला अर्धी असायचे! त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण आखाजी दरवर्षी सरावाच्या कॅम्पात गेली, आणि खेळ सुटल्यावर या खोलीत.

मधल्या फळीत सारखं ओरडावं लागतं, इकडे दे, मी मोकळी आहे. न ओरडणारीला कुणी बॉल देत नाही. मैदानावर माझा घसा बसायचा आणि घरी मात्र कधी तोंड उघडलं नाही. आईबाबांच्या मागे तूच मला वाढवलंस, मग तुझ्यापुढे कसली लाज? म्हणून आज ओरडते. काकू, मलाही मुराळी पाठव. एसटीनं मी आपली आपण येऊ शकते, पण तसं नको. कुणीतरी न्यायला यावंसं वाटतं. लग्न झालं नाही म्हणून माझा हक्क नसेल, तर तसं लिही. रागावणार नाही. रडेन थोडी.

उज्वला-निकिताला गोड पापे. माझ्यावरही तितकाच लोभ असू दे.
तुझी चैताली

देवळा, ता. १८ एप्रिल

चि. चैताली हिला काकूचे आशीर्वाद आन एक धपाटा.

तुझं पत्र चाळीच्या सावलीला वाचलं आन तिथंच रडले. कामाच्या बाया विचारायला लागल्या, कोण गेलं? म्हणलं, कुणी नाय गेलं, पोर यायचीय.

अगं येडे, दरसाल मनात यायचं तुला मुराळी पाठवावा. पण बिनलग्नाच्या पोरीला मुराळी धाडला तर तिला टोमणा मारल्यागत होईल, म्हणून गप बसायची. तुला दुखवू नये म्हणून बोलावलं नाय, आन तू तिकडं वाट बघत बसली! बारा वरसं परक्याच्या हुकमानं उठली, परक्याच्या हातचं खाल्लं. त्ये सासर नाय तर काय? हक्क कसला विचारते?

रोहित सोमवारी, अठ्ठावीसला येतोय. पिशवी भरून ठेव. एसटीला बसशील तर बघ!

काल बांगड्यावाली अक्काबाई दारी आली. म्हणलं, माझ्या चैतालीला बी हिरव्या दे. तिनं माप विचारलं, आन मला ते ठावंच नाय. मॅचला चालत नाय म्हणून सातवीत तू बांगड्या काढल्या, त्याच्यामागं तुझा हात मी हातात धरलाच नाय. अक्काबाईला म्हणलं, एकोणतीसला परत ये. पोर घरी असंल, हातावरच बघू.

वाट बघणारी,
तुझी काकू